आईकडून आले, पण आईचा दोष नाही



या सदरातून आजवर मी रेशनकार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, प्रॉव्हिडंट फंड अशा कागदांविषयी लिहीत आलो आहे. आजही एका कागदाविषयीच लिहायचे आहे, पण तो रक्ततपासणीचा आहे. आणि त्याआधी मला माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. ज्या ताईंच्या घरची ही हकीगत आहे त्यांना विचारूनच लिहितो आहे. नाव-गाव मात्र कोणाचेच लिहीत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतील या ताई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन विहारात आल्या होत्या. बालवाडीच्या बाईंची तक्रार होती की, मुलगा एका जागी बसत नाही, नीट बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, सारखे हात फडफडवतो. मी नुकताच महिला मंडळापुढे शिक्षणावर बोलून उठलो होतो. त्याच भरात त्यांना म्हणालो, "ताई, बुद्धी काही कोणी जन्माला येताना घेऊन येत नाही. तुम्ही घरी टीव्ही लावून बसता, अभ्यासाला बसवत नाही, मग पोरगं शिकणार कसं?" ताई काही बोलल्या नाहीत. मुलाचा हात धरून निघून गेल्या. मला वाटले, आपण बाबासाहेबांचा विचारच सांगितला.

गेल्या पावसाळ्यात त्या पुन्हा आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाइल. दिव्यांग दाखल्याचा अर्ज भरून हवा होता. फाइलमधल्या रिपोर्टवर लिहिले होते, 'फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम, फुल म्युटेशन'. अर्ज भरून झाला. उठता उठता त्या म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टर म्हणतात हे माझ्याकडूनच आलंय. सासूबाई पहिल्यापासून तेच म्हणत होत्या. म्हणजे त्यांचंच खरं ना?"

मला उत्तर देता आले नाही. मी बी.कॉम. झालेला कारकून, मला विज्ञानाचे काय कळणार? पण चार वर्षांपूर्वी कळत नसताना बोललोच होतो की! तेव्हा आता कळून घेणे आलेच. डॉक्टरांना भेटलो, जेवढे वाचता आले तेवढे वाचले. त्यातून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

१९४३ साली जेम्स पर्डन मार्टिन आणि ज्युलिया बेल या दोघा संशोधकांनी एका इंग्रज कुटुंबाची हकीगत प्रसिद्ध केली. त्या घरात दोन पिढ्यांत अकरा पुरुष मतिमंद निघाले. शब्द त्या काळचा आहे, आज आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो. त्यांच्या आया मात्र चांगल्या शहाण्यासुरत्या होत्या. म्हणजे दोष बाईतून जातो पण दिसतो पुरुषात, एवढे तेव्हाच कळले. १९६९ साली हर्बर्ट लब्ज या अमेरिकन डॉक्टरांना अशाच एका घरातील माणसांच्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहताना 'एक्स' गुणसूत्राचे टोक तुटू आल्यासारखे दिसले. फ्रॅजाइल म्हणजे ठिसूळ. त्यावरून पुढे हे नाव पडले. १९९१ साली अमेरिका, हॉलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया येथील शास्त्रज्ञांनी नेमके जनुक शोधून काढले. त्याचे नाव एफएमआर-१.

या जनुकाच्या तोंडाशी सी-जी-जी ही तीन रासायनिक अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. बहुतेकांच्यात ती तीसएक वेळा येतात. ४४ पर्यंत काही बिघडत नाही. ५५ ते २०० वेळा आली तर त्याला पूर्वदोष म्हणू. त्या माणसाची बुद्धी सहसा शाबूत असते, पण तो दोषाचा वाहक असतो. २०० च्या पुढे गेली की पूर्ण दोष.

माझ्या भाषेत सांगतो. लेजरच्या पानावर, खात्याच्या नावाआधी एक शिक्का मारायची पद्धत आहे असे समजा. तीस शिक्के पडले, चालले. शंभर पडले, पान घाण झाले तरी नाव वाचता येते. पण दोनशेच्या वर पडले की वरचा साहेब त्या पानावर 'खाते बंद' असा शेरा मारून मोकळा होतो. आतल्या नोंदी जशाच्या तशा असतात. फक्त त्या पानावरून पुढे कोणी काही उतरवून घेत नाही. जनुक असे बंद पडले की त्यापासून जे प्रथिन बनायला हवे ते बनत नाही. मेंदूतील पेशी जिथे एकमेकींना जोडल्या जातात तिथे या प्रथिनाचे काम असते. दुसरी प्रथिने कधी, किती बनवायची यावर ते लगाम ठेवते. लगाम सुटला की जोडण्या नीट पक्क्या होत नाहीत. शिकणे, लक्ष देणे, गोंगाट सहन करणे या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

ताईंचा मुलगा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे सुरू झाला की कानांवर हात ठेवून किंचाळायचा, स्वतःचा हात चावायचा. कोणी म्हणाले, याला बाहेरचे लागले आहे. कोणी म्हणाले, लाडावलेला आहे. मीही त्याच मिरवणुकीत होतो. डॉक्टर सांगतात की हात चावणे, आवाजाने भेदरणे ही या आजाराची नेहमीची लक्षणे आहेत. लांबट चेहरा, मोठे कान, सैल सांधे हीसुद्धा, पण लहानपणी ती चटकन नजरेत येत नाहीत. म्हणून चेहऱ्यावरून निदान करू नये.

आता बुद्धीचा प्रश्न. दोष म्हटला की सगळे सारखेच, असे मुळीच नाही. बुद्धी किती राहील हे पुष्कळसे त्या प्रथिनावर अवलंबून असते. जेवढे बनते तेवढे बळ. ज्या पुरुषांत खाते साफ बंद झालेले असते त्यांचा मोठेपणीचा बुद्ध्यांक सरासरीने चाळिशीच्या आसपास असतो. सर्वसाधारण माणसाचा शंभर धरतात, म्हणजे फरक लहान नाही, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण काही मुलांच्या सगळ्या पेशींत खाते बंद नसते. काही पेशींत चालू, काहींत बंद, असा मिश्र प्रकार असतो. अशा मुलांत थोडेबहुत प्रथिन बनते आणि त्यांची समज बरी असते. काही जण तर सत्तरच्या वर, म्हणजे मतिमंदत्वाच्या रेषेच्या बाहेर असतात.

मुलींचे वेगळे. त्यांच्याकडे एक्स दोन. प्रत्येक पेशीत त्यांतला एक चालू राहतो आणि एक झोपतो. मेरी लायन या इंग्रज बाईंनी हे १९६१ साली मांडले. कोणता झोपेल हे नशिबाचे, म्हणजे योगायोगाचे. चांगला एक्स जास्त पेशींत जागा राहिला तर मुलगी शाळेत इतरांसारखी चालते, फार तर गणितात अडते, चारचौघांत बुजते. उलटे झाले तर तिलाही बौद्धिक अडचण येते. त्यामुळे एकाच घरात, एकाच दोषाची दोन भावंडे, एक विशेष शाळेत आणि एक बारावीला, असे होऊ शकते. गणितात सारखी नापास होणारी, बुजरी मुलगी असेल आणि तिच्या भावाला हा आजार असेल तर तिला मारू नका, तिचीही तपासणी करा.

बुद्ध्यांकाच्या आकड्याविषयीही सांगतो, कारण ताई त्याच आकड्याने सर्वांत जास्त खचल्या होत्या. पाचव्या वर्षी मुलाचा बुद्ध्यांक ५८ आला होता, आता ४९. "भाऊ, पोरगं मागं चाललंय," म्हणाल्या. पण तो मागे चाललेला नाही. तेव्हा त्याला शर्टाची बटणे लावता येत नव्हती, आता येतात. बुद्ध्यांक म्हणजे किती येते याचे माप नाही, आपल्या वयाच्या मुलांच्या मानाने किती येते याचे माप आहे. आपण बँकेत पैसे टाकतो, व्याज मिळते, रक्कम वाढते, पण महागाई त्याहून वेगाने वाढली तर पैशाची किंमत घटते. तसेच हे. रक्कम वाढतेच आहे. शिवाय या चाचण्या मुळात सर्वसाधारण मुलांसाठी बेतलेल्या. खालच्या टोकाला त्या बोथट होतात. बरेच काही येणारे मूल आणि थोडेच येणारे मूल, दोघांनाही तोच तळाचा आकडा मिळतो.

आणि जनुक म्हणजे सर्व काही, असेही नाही. २००२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी फ्रॅजाइल एक्स असलेल्या मुलांबरोबर त्यांची घरेही पाहिली. प्रथिनाचा हिशोब धरूनही आईवडिलांची बुद्धी आणि घरातले वातावरण यांचा मुलांच्या कुवतीशी संबंध आढळला. त्या एका जनुकाखेरीज बाकीची हजारो जनुके मुलाने आईबापांकडूनच घेतलेली असतात, ती कुठे जातील?

इथे मला माझ्याच भाषणाशी भांडावे लागले. बुद्धी जन्मावर ठरत नाही, हे आपल्या चळवळीचे पायाचे वाक्य. आपल्याला शेकडो वर्षे 'तुमच्या डोक्यात मुळातच नाही' असे ऐकवले गेले. आजही राखीव जागांचा विषय निघाला की 'मेरिट'वाले हळूच रक्ताची भाषा काढतात. मग एक जनुक बंद पडले म्हणून मुलाची बुद्धी अडते, हे मान्य केले तर आपण त्यांच्या हातात कोलीत देतो का? काही कार्यकर्त्यांना तसे वाटते. एकाने मला हे सदर लिहूच नका असे सुचवले.

मी पुन्हा 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' काढून बसलो. १९३६ सालचे, लाहोरला न झालेले ते भाषण. त्यात समतेविषयी बोलताना बाबासाहेबांनी माणसाची कुवत तीन गोष्टींवर ठरते असे म्हटले आहे. एक, शरीराचा वारसा. दुसरा, समाजाचा वारसा, म्हणजे आईबापांची देखभाल, शिक्षण, साठत आलेले ज्ञान. आणि तिसरी, ज्याची त्याची मेहनत. म्हणजे शरीराचा वारसा त्यांनी नाकारला नव्हता, तो तर पहिलाच घेतला होता! माणसे या तिन्ही बाबतींत सारखी नसतात हेही त्यांनी मान्य केले. त्यांचा सवाल पुढचा होता. सारखी नाहीत म्हणून त्यांना असमान वागवायचे काय? ज्यांना जन्माने आणि घराण्याने आधीच झुकते माप मिळाले त्यांनाच उचलायचे, ही निवड कर्तृत्वाची नव्हे असे त्यांचे म्हणणे. मी चार वर्षांपूर्वी बाबासाहेबांच्या नावाने जे बोललो ते त्यांचे नव्हतेच. ते माझे अर्धवट पाठांतर होते.

आणि जातीच्या बुद्धीचे म्हणाल तर हे जनुक त्या मंडळींच्या काही कामाचे नाही. ते इंग्रजात आहे, जपान्यात आहे, आफ्रिकेत आहे, आपल्याकडे सर्व जातिधर्मांत आहे. एकाच आईचे दोन मुलगे, एकाला मिळते, दुसऱ्याला नाही. ज्याला मिळते त्यात एक ठरावीक प्रथिन कमी पडते, ते मोजता येते. याचा आणि अमक्या समाजाची पोरे हुशार, तमक्याची मठ्ठ या बाजारगप्पांचा काय संबंध?

कोलंबिया देशात रिकाउर्ते नावाचे एक लहान गाव आहे. जगात इतरत्र साधारण चार ते सात हजार पुरुषांमागे एकाला हा आजार असतो, तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या गावात दर हजारी सुमारे ४८ पुरुषांत आणि २० स्त्रियांत पूर्ण दोष सापडला. कारण काय, तर गाव मोजक्याच घराण्यांनी वसवले, त्यांच्यापैकी कोणात तरी हे जनुक होते, आणि गाव आडबाजूला असल्याने सोयरीक आपापसातच होत राहिली. त्या मातीत दोष नाही, पाण्यात नाही, लोकांच्या पापात तर नाहीच.

पापावरून आठवले. ताईंना नात्यातल्या एका बाईने सांगितले होते, मागच्या जन्माचे भोग आहेत. बौद्ध घरात हे बोलले जावे याचे वाईट वाटते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना खोडून काढली आहे हे आपण वर्षावासात दरवर्षी ऐकतो, आणि घरी आलो की पुन्हा तेच. चूळपन्थक थेरांची गोष्ट आपल्याला माहीत असेल. चार महिने घोकूनही त्यांना एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापन्थक, तोही भिक्खू. त्याने त्यांना विहारातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्यांना थांबवले, हातात एक स्वच्छ पांढरे फडके दिले, आणि दोन शब्द म्हणत ते चोळत बसायला सांगितले. फडके मळत गेले आणि अनित्यता त्यांना डोळ्यांपुढे दिसली. अट्ठकथेत त्यांच्या मंदपणाला मागल्या जन्माचे कारण जोडले आहे, ते आपण सोडून देऊ. मला त्यात एवढेच दिसते की गाथा जमेना तेव्हा तथागतांनी शिष्याला दूर केले नाही, शिकवण्याची रीत बदलली.

रीत बदलायची म्हणजे काय, हे ताईंना विशेष शाळेतल्या बाईंनी दाखवले. या मुलांना पायरी-पायरीने लांबलचक सांगितलेले कळत नाही, पण डोळ्यांनी पाहिलेले चांगले लक्षात राहते. एका वेळी एकच सूचना द्यायची. चित्र दाखवायचे. शब्द फोड करून नव्हे तर अख्खा, चित्रासारखा ओळखायला शिकवायचा. 'माझ्याकडे बघ' म्हणून हनुवटी धरायची नाही. नजर देणे त्यांना खरोखर जड जाते, ऐकत ते असतातच. रोजचा क्रम मोडायचा नाही, मोडावा लागला तर आधी सांगायचे. नक्कल करण्यात ही मुले पटाईत. आमचा हा गडी भन्तेजींच्या सुरात त्रिसरण म्हणतो, तेही त्यांच्या खोकल्यासकट. रविवारी चटया घालायचे काम त्याचे. त्याला वीसपुढे मोजता येत नाही, पण एखादी चटई वाकडी पडली तर तो ती सरळ केल्याखेरीज बसत नाही.

आता सासूबाई काय म्हणत होत्या ते पाहू. आईकडून आले हे खरे. मुलाला एक्स मिळतो तो आईचाच, बापाकडून त्याला वाय मिळतो. पण ताईंना तो कुठून मिळाला? ताईंचे वडील गावी असतात, सत्तरीला आलेले. गेली सात-आठ वर्षे त्यांचे हात थरथरतात, पेला धरला की पाणी सांडते, चालताना तोल जातो. गावात लोक म्हणत, म्हातारा चोरून पितो. तरुणपणी बावीस प्रतिज्ञा घेतल्यापासून ज्या माणसाने दारूला शिवले नाही, त्याला हे ऐकून घ्यावे लागले. मुलाचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी ताईंना विचारले, तुमच्या वडिलांना कंप आहे का? रक्त तपासले. पूर्वदोष निघाला. पूर्वदोष असलेल्या काही पुरुषांना पन्नाशीनंतर असा कंप आणि तोल जाण्याचा विकार होतो. अमेरिकेत रँडी आणि पॉल हॅगरमन या डॉक्टर दांपत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००१ साली जगापुढे आणला. वडील हा अहवाल घडी घालून खिशात ठेवतात. कोणी काही बोलले की काढून दाखवतात.

वडिलांनाही तो त्यांच्या आईकडून मिळाला, कारण पुरुषाचा एक्स आईचाच. मागे मागे जाल तितके जा. कोणाला कळले नव्हते, कोणी काही केले नव्हते. सासूबाईंना मी हे सगळे समजावून सांगितले. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हंजी तिच्या माहेरचंच की!" काय बोलणार? पण आता त्या नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायला जातात.

बापाकडून आलेला पूर्वदोष त्याच्या सर्व मुलींना जातो, मुलग्यांना एकालाही नाही. आणि बापाकडून जाताना तो वाढून पूर्ण दोष होत नाही. आईकडून जाताना मात्र वाढू शकतो. दर मुलामागे तो एक्स जाण्याची शक्यता निम्मी. गेला तर वाढेल का, हे आईच्या आकड्यावर असते. ५५-६० असेल तर भीती अगदी थोडी. शंभरच्या पुढे असेल तर तो पूर्ण दोष होऊनच उतरतो असे जवळजवळ धरून चालावे. याचा अर्थ ताईंची धाकटी बहीण, जिचे लग्न ठरत होते, तीही वाहक आहे हे तपासणीआधीच नक्की होते. आकडा तेवढा तपासायचा होता.

घरात मोठे वादळ झाले. लग्न होईपर्यंत गप्प राहा, असे बहुतेकांचे मत. मला विचारले तेव्हा मी सांगा म्हणालो, पण माझी मुलगी असती तर एवढ्या सहज म्हणालो असतो का, हे मला माहीत नाही. शेवटी धाकटीनेच ठरवले. ती मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि त्याच्यासमोर सगळे विचारून घेतले. अशा स्त्रियांपैकी पाचातल्या एकीची पाळी चाळिशीच्या आतच जाऊ शकते, हेही तिथे कळले, म्हणून मूल हवे असेल तर फार लांबवू नये. गर्भाची तपासणीही करता येते, ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कण घेऊन, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढून. ती नोंदणीकृत केंद्रातच होते, आणि मुलगा की मुलगी हे कोणी विचारायचे नाही, कोणी सांगायचे नाही. पुढे काय करायचे ते त्या बाईने ठरवावे, सासरच्या बैठकीने नव्हे. मुलाकडच्यांनी विचार करायला महिनाभर मागितला आहे. हे लिहीपर्यंत त्यांचे उत्तर आलेले नाही.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करतात, म्हणून एक सावधगिरी. असे लग्न हे या आजाराचे कारण नव्हे. पण ज्या घरात बहीण वाहक आहे तिथे तिचा भाऊही वाहक असू शकतो, आणि तो असेल तर त्याच्या सगळ्या मुली वाहक असतात. तेव्हा सोयरीक करण्याआधी मामाचे रक्त तपासा.

तपासणीविषयी थोडे. मूल उशिरा बोलू लागले, शिकण्यात फार मागे आहे, स्वमग्नता आहे असे सांगितले गेले, तर डॉक्टरांना 'फ्रॅजाइल एक्सची डीएनए तपासणी' असे नाव घेऊन विचारा. साध्या गुणसूत्र तपासणीत हा दोष निसटू शकतो. महागडी एक्झोम तपासणी केली तरी तीत तो सहसा सापडत नाही. ताईंचे पहिले पैसे असेच गेले. रिपोर्ट 'नॉर्मल' आला, आणि दोन वर्षे फुकट गेली. हा दोष मुळातून दूर करील असे औषध आज हाती नाही. अतिचंचलता, झोप, झटके यांवर औषधे आहेत, ती डॉक्टरांनी द्यायची. बोलण्याचे आणि हाताच्या कामाचे उपचार लवकर सुरू केले तर पुष्कळ उपयोग होतो. मेंदूचे टॉनिक, भस्म, मूळपेशींची इंजेक्शने यांवर कर्ज काढू नका. ताईंनी मंगळसूत्र मोडून एका बाबाला अकरा हजार दिले होते. तो बाबा आता त्या पत्त्यावर नाही.

दाखल्याचे काम असे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्व धरलेले आहे. ४० टक्के किंवा अधिक असा दाखला मिळाला की ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जिथे आपल्याला हवे तिथे. शाळेने 'आमच्याकडे सोय नाही' म्हटले तर लेखी मागा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय ही आरोग्य विम्याची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. मूल अठरा वर्षांचे झाले की कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो, ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे होते. हे अठरा वर्षांचे बहुतेक जण विसरतात आणि मग बँकेत अडते. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचे केंद्र नवी मुंबईत आहे, तिथे मुलांची तपासणी आणि पालकांना मार्गदर्शन मिळते.

ज्यांना अर्ज भरून हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. मुलाचे आणि पालकाचे आधारकार्ड, रहिवासाचा पुरावा, मुलाचे दोन फोटो, आणि असतील नसतील ते सगळे डॉक्टरी कागद, अगदी जुनी चिठ्ठीसुद्धा, बरोबर आणावेत. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. ताईही त्या वेळी तिथे असतात. ज्या बायकांना माझ्याशी बोलायला संकोच वाटेल त्यांनी त्यांच्याशी बोलावे.